पिंजरा आणण्याआधी

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरात पक्ष्याचा विषय निघतो. कुत्रा ठेवायला जागा नाही, मांजर आजीला चालत नाही, मग ‘एक मिठू तरी आणू या’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या भिलाईत कुरुद, कोहका, सुपेला या बाजूला ओसरीत किंवा बाल्कनीत टांगलेला पिंजरा आता नवलाचा राहिलेला नाही. निळे-पिवळे बजरी, डोक्यावर तुरा असलेले कॉकाटील, चिमुकल्या फिंच शेजारी दिसल्या की आपल्याही घरी हव्याशा वाटतात. ही हौस मला मनापासून आवडते. पक्ष्याच्या आवाजाने घराला जाग येते, मुलांना आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाची काळजी घ्यायची सवय लागते, आणि मुलं शिकायला पुण्या-बंगळुरूला गेल्यावर मागे राहिलेल्या आई-वडिलांना सोबत होते. पण एप्रिल-मे हे पक्षी आणायचे महिने नव्हेत, आणि मुलांचा हट्ट नेमका तेव्हाच सुरू होतो.

एक कारण उघड आहे. दुर्ग-भिलाईचा मे म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. नव्या जागेने आधीच बिथरलेल्या पक्ष्याला त्यात उन्हाचा तडाखा बसला, तर तो पहिला आठवडाही काढत नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आपला हिरवा पोपट साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात झाडाच्या ढोलीत पिल्लं वाढवतो. उन्हाळ्याच्या तोंडावर टोपलीत विकायला येणारी, धड पिसंही न फुटलेली पिल्लं याच ढोल्यांतून काढलेली असतात. त्यासाठी ढोली फोडली जाते, कधी फांदीच तोडली जाते, आणि काढलेल्या पिल्लांतली कितीतरी बाजार गाठण्याआधीच मरतात. तुमच्या हातात आलेलं पिल्लू त्या सगळ्यातून वाचलेलं असतं. ‘आपण घेतलं नाही तर मरेल बिचारं’ या कळवळ्याने घेतलेलं प्रत्येक पिल्लू पुढच्या वर्षी आणखी एका ढोलीवर हात पडायला कारण ठरतं. म्हणून ते घेऊ नका. दया येते म्हणूनही घेऊ नका.

कायदाही हेच सांगतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने भारतातल्या रानटी पक्ष्यांचा व्यापार बंद केला. हिरवा कंठवाला पोपट, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, मुनिया, साळुंकी, मैना यांपैकी कुणालाही पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या अनुसूचीतल्या जीवांसाठी शिक्षा त्याहून कडक आहे. बस्तरची पहाडी मैना तर छत्तीसगडचा राज्यपक्षी. कांगेर खोऱ्यात तिला जपण्यासाठी इतका खटाटोप चाललेला असताना आपण तिला पिंजऱ्यात बोलायला शिकवावं, हे शोभत नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये छत्तीसगडच्या वनविभागाने पोपटांची विक्री आणि पाळणूक यांविरुद्ध कारवाईचे आदेश काढले, तेव्हा आपल्याकडे बरीच खळबळ उडाली. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षं मिठू होता, ती माणसं हवालदिल झाली. काही दिवसांतच विभागाने सुधारणा केली: विक्रीवरची कारवाई सुरू राहील, घरात आधीपासून असलेल्या पोपटांबाबत मात्र केंद्राकडून मार्गदर्शन येईपर्यंत थांबावं. याचा अर्थ पोपट पाळायला परवानगी मिळाली, असा कुणी घेऊ नये.

तुमच्या घरी असा जुना पोपट असेल, तर कृपा करून एक गोष्ट करू नका. भीतीपोटी किंवा पुण्य लागेल म्हणून त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेल्या पक्ष्याला खाणं शोधता येत नाही, ससाण्यापासून लपता येत नाही, आणि पंखांत लांब उडण्याचं बळ नसतं. कावळे त्याला संध्याकाळपर्यंत गाठतात. दुर्गच्या वनविभागाच्या कार्यालयाशी बोला, तो कसा आला, किती वर्षांचा आहे ते खरं सांगा, आणि ते सांगतील तसं वागा. तोवर त्याला चांगलं खाणं, मोठा पिंजरा आणि रोजची सोबत द्या. तेवढं त्याचं आपल्यावर ऋण आहे.

छत्तीसगडच्या मातीत पोपटाशी जवळीक ठेवायला पिंजरा लागतच नव्हता, हेही मला इथे सांगावंसं वाटतं. दिवाळीच्या दिवसांत बायका टोपलीत धान भरून त्यावर मातीचा सुवा, म्हणजे पोपट, बसवतात आणि त्याच्याभोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गातात. मनातलं जे कुणाला सांगता येत नाही, ते सुव्याला सांगायचं, अशी ती रीत. कापणी झाली की धानाच्या लोंब्या विणून केलेली झालर दारावर टांगतात आणि चिमण्या-पाखरं येऊन ती खुशाल टिपतात. विदर्भातून इथे येऊन रुजलेल्या आपल्या मराठी घरांनी ही रीत उचलायला काय हरकत आहे? झालर, सावलीत ठेवलेलं मातीचं पसरट भांडं, त्यात रोज बदललेलं पाणी, अंगणात एखादा पेरू किंवा शेवगा. मुलांना पक्षी ‘बघायचे’ असतील तर एवढं पुरतं. हिवाळ्यात एखाद्या रविवारी त्यांना बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदाच्या तलावांवर घेऊन जा. दूरदेशीचे पाहुणे पक्षी तिथे उतरतात, आणि २०२१च्या सुरुवातीला तिथे पक्षी महोत्सवही भरला होता. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ घरात असू द्या. या सगळ्यानंतरही हात पक्ष्याकडे ओढ घेत असतील, तर पुढचं वाचा.

कोणता पक्षी घ्यावा

कायद्याने आणि पक्ष्याच्या दृष्टीनेही बरे, ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले परदेशी पक्षी. बजरी मूळ ऑस्ट्रेलियाचे. पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने १८४० साली जिवंत बजरी इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून माणसाच्या घरात त्यांची पैदास होत आली आहे. कॉकाटील आणि झेब्रा फिंचही तिकडचेच. लव्हबर्ड आफ्रिकेचे. बाजारात मात्र ‘लव्हबर्ड’ म्हणून बहुतेक वेळा बजरीच हाती देतात, म्हणून नाव ऐकून नव्हे, पक्षी पाहून विचारा.

हा भेद कागदपत्रांसाठी महत्त्वाचा आहे. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइटीस करारात पोपटकुळातले जवळजवळ सगळे पक्षी येतात. बजरी, कॉकाटील, पीच-फेस लव्हबर्ड असे मोजकेच त्यातून वगळलेले आहेत. करारात येणारा पक्षी, म्हणजे आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, सन कोन्यूर, फिशर लव्हबर्ड, आणि फिंचसारखी दिसणारी जावा चिमणीसुद्धा, घरी असेल तर केंद्राच्या २०२४च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. विकणारा ‘काही नाही लागत हो’ म्हणाला, तरी कागद तुमच्या नावाचा लागणार आहे. दुकानदारांसाठीही २०१८चे नियम आहेत: पाळीव प्राणी-पक्षी विकणाऱ्या दुकानाची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. ती विचारा, पावती घ्या, पक्ष्याच्या पायात बंद कडी असेल तर तिच्यावरचा क्रमांक पावतीवर लिहून घ्या.

पहिल्यांदाच पाळणाऱ्यांना माझा सल्ला बजरीच्या जोडीचा. एकटा बजरी लवकर माणसाळतो हे खरं, पण हे थव्यात राहणारे पक्षी आहेत. दिवसभर घर बंद राहणार असेल तर एकटा ठेवणं क्रूरपणाचं आहे. आरसा लावून सोबतीचं सोंग करू नका, नर त्यालाच भरवत बसतो आणि चिडचिडा होतो. घरात कुणी ना कुणी असतं, पक्ष्याला हातावर-खांद्यावर घ्यायची हौस आहे, अशांनी कॉकाटील घ्यावा. हात न लावता नुसतं बघायचं असेल तर फिंच.

मकाव आणि आफ्रिकन ग्रे यांच्या मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून भुलू नका. बजरी पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकाटील पंधरा-वीस, पण आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. पन्नाशीत घेतलेला ग्रे तुमच्यामागे राहील. त्याची बुद्धी आणि माणसाशी जडणारा लळा इतका तीव्र असतो की माणूस बदलला, घर बदललं, तर तो स्वतःची पिसं उपटून अंग उघडं करून घेतो. निवृत्तीनंतर भिलाई सोडून मुलाकडे जायचं ज्यांचं जवळपास ठरलेलं आहे, त्यांनी हा विचार आधी करावा.

दुकानात घाई करू नका. पिंजऱ्यापासून दोन पावलं लांब उभे राहा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. निरोगी पक्षी सतत काहीतरी करत असतो. अंग फुगवून कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला, शेपटी श्वासाबरोबर वर-खाली करणारा, शेपटीखाली घाण चिकटलेला, चोचीच्या बुडाशी पांढरट खपली असलेला पक्षी नको. पिल्लू बजरीच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत येतात. तीन-चार महिन्यांनंतर कपाळ साफ होतं. मोठ्या नराच्या नाकपुड्यांवरचा भाग बहुधा निळा, मादीचा तपकिरी. पंख कापलेला पक्षी ‘उडून जाणार नाही’ म्हणून विकतात. घेऊ नका.

घर आणि हवा

पिंजरा उंच नको, लांब हवा. पक्षी वर-खाली नव्हे, आडवा उडतो. बजरीच्या जोडीला निदान अडीच फूट लांबीचा, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच पिंजरा हवा. दोन गजांमधलं अंतर एक ते सव्वा सेंटिमीटर, त्याहून जास्त असलं की डोकं अडकतं. घुमटाचे गोल पिंजरे दिसायला सुंदर, पण पक्ष्याला त्यात कोपरा मिळत नाही, म्हणजे आसराच मिळत नाही. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा मानतो. पेटीसारख्या पिंजऱ्यात पंखसुद्धा न पसरता बसलेला मिठू त्यात नक्की मोडतो.

जस्ताचा मुलामा असलेली नवी जाळी व्हिनेगरच्या पाण्याने घासून, धुऊन, वाळवून मगच वापरा. पक्षी गज चोचीने कुरतडतात आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. बसायला प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या असतील तर काढून टाका. सारख्या जाडीच्या दांडीवर जन्मभर बसून तळव्यांना फोड येतात. पेरूच्या, जांभळाच्या, कडुलिंबाच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. सालं सोलण्यात पक्ष्यांचा वेळही छान जातो. तळाशी वर्तमानपत्र, रोज बदललेलं. रोज बदलताना विष्ठा बघण्याची सवय होते, आणि आजाराची पहिली खबर तिथेच मिळते.

आता हवा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पक्षी मरतात ते बहुधा याच अज्ञानाने. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळी त्यांना ताजा प्राणवायू मिळतो, म्हणून ते उडू शकतात. पण हवेतलं विषही तितक्याच वेगाने रक्तात जातं. इंग्लंडच्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत, ती प्रथा १९८६पर्यंत चालू होती. तुमच्या स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा विसरून फार तापला, की त्याच्या लेपातून निघणाऱ्या, आपल्याला जाणवतही नाहीत अशा वाफांनी शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. म्हणून स्वयंपाकघराजवळ पिंजरा कधीही नको. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, अगरूचा धूर, सुगंधी फवारे, ताजा रंग, सिगारेट या सगळ्यांपासून त्याला लांब ठेवा. डास असतील तर पिंजऱ्यावर जाळी टाका. देवघर आणि पिंजरा एका खोलीत नको.

उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवणं म्हणजे त्याला भाजणं. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं ही त्याची उकाड्याची भाषा. असं दिसलं की लगेच सावलीत, आतल्या खोलीत न्या, पायांवर कोमट-गार पाणी शिंपडा, बर्फाचं नको. एका बाजूला ओलं गोणपाट लावा. कुलरचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नका. पसरट भांड्यात आंघोळीला पाणी द्या, पिण्याचं पाणी दिवसातून दोनदा बदला. जानेवारीत रात्री पारा उतरतो तेव्हा पिंजरा तीन बाजूंनी झाका, पण एक बाजू मोकळी. रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. रात्री बारापर्यंत टीव्ही चालणाऱ्या खोलीत पक्षी चिडका आणि आजारी होतो.

गणपती-दुर्गेच्या मिरवणुकीत आपल्याकडे धुमाळ वाद्यपथक दारावरून जातं तेव्हा छातीत ठोके जाणवतात. त्या रात्री आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री पक्षी आतल्या खोलीत, जाड चादर टाकून, बारीक दिवा लावून ठेवा. कॉकाटील काळोखात दचकला की गजांवर आपटून पंख रक्तबंबाळ करून घेतो. मिणमिणता दिवा असेल तर सावरतो.

खाणं आणि दुखणं

राळा, ज्याला दुकानात कांगणी म्हणतात, आणि बाजरी हे बजरीचं खाणं खरं, पण नुसत्या दाण्यावर ठेवलेला पक्षी हळूहळू अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या अभावाने खंगतो. छत्तीसगडात राहतो त्याचा एक फायदा घ्या: कोदो, कुटकी इथे सहज मिळते, दाण्यांत ती मिसळा. शेवग्याचा पाला, ज्याला इथे मुनगा म्हणतात, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, मक्याचं कोवळं कणीस, मोड आलेले मूग थोडे थोडे रोज द्या. भाज्या नीट धुतलेल्या, आणि उरलेलं दोन तासांनी काढून टाकलेलं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्याला बांधा. पहिले दिवस पक्षी हिरव्याला तोंड लावत नाही, म्हणून सोडून देऊ नका. त्याच्यासमोर बसून तुम्ही खा, बघून शिकतो. सूर्यफुलाच्या बिया मिठाईसारख्या, क्वचित. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, मीठ घातलेलं फरसाण, सफरचंदाच्या बिया आणि अवोकॅडो यांतलं काहीही नको. हिरवी मिरची मात्र पोपटकुळाला खुशाल चालते, तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही.

दाण्याच्या वाटीत वरून सालं साचतात आणि वाटी भरलेली दिसते. रोज फुंकर मारून बघा. भरलेल्या वाटीसमोर पक्षी उपाशी मेल्याच्या घटना घडतात.

पिंजऱ्यात घरट्यासाठी मडकं टांगलं की अंडी होणारच. पिल्लं सांभाळायची तयारी नसेल तर मडकं लावूच नका. एकामागून एक घातलेल्या अंड्यांनी मादी झिजते, अंडं अडकून मरतेही.

पक्षी आजार लपवतो. रानात दुबळा दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून ही सवय त्याच्या रक्तात आहे. तो आजारी ‘दिसू’ लागतो तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. यावर सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. बजरी साधारण तीस ते चाळीस ग्रॅमचा, कॉकाटील ऐंशी ते एकशेदहाचा. दहावा हिस्सा वजन घटलं की डॉक्टर गाठा. आपल्या भागाचं नशीब असं की दुर्गजवळ अंजोऱ्याला कामधेनू विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गरज पडण्याआधीच तिथे किंवा शहरातल्या एखाद्या पशुवैद्याकडे पक्षी कोण पाहतं, ते विचारून नंबर लिहून ठेवा. माणसांची प्रतिजैविकं पाण्यात टाकून पाजणं पूर्ण बंद.

नवा पक्षी आणला तर महिनाभर जुन्यांपासून वेगळ्या खोलीत. सफाईनंतर हात साबणाने धुवा, चोचीला तोंड लावून लाड नकोत. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला सिटाकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि दमेकऱ्याच्या घरात पिसांची भुकटी त्रास देते. ताप-खोकला रेंगाळला तर घरात पक्षी आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेजारच्या बालोद जिल्ह्यात जानेवारी २०२१मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. अशी बातमी आली की पिंजरा कावळ्या-कबुतरांच्या वावरापासून दूर, घरात घ्या.

रोज तासभर तरी बंद खोलीत मोकळं उडू द्या. त्याआधी पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, काचेवर पडदा, बादलीवर झाकण. इतकं पाहूनही एखादा निसटला, तर त्याच्यामागे धावू नका. पहिली उडी बहुधा जवळच्याच झाडावर असते. जोडीदाराचा पिंजरा गच्चीत आणा, ओळखीची वाटी खडखडवा, नेहमीच्या शब्दांनी हाक मारा. अंधार पडेपर्यंत तो कुठे बसला ते नजरेआड होऊ देऊ नका. रात्री तो जागचा हलत नाही, आणि पहाटे भुकेला होऊन हाकेला उतरतो. गल्लीतल्या घरांना पायातल्या कडीचा क्रमांक आणि फोटो लगेच पाठवा. गावाला जाताना त्याला चार दिवसांचे दाणे घालून एकट्याला सोडून जाऊ नका. पक्षी पाळणारं शेजारचं घर शोधून आधीच बोलणी करून ठेवा, त्यांच्या सुट्टीत त्यांचा पक्षी तुम्ही सांभाळा.